वाचक विचारतात : तालुक्याचं साप्ताहिक जगवायचं कसं?

कोकणातल्या छोट्या वृत्तपत्रांविषयी आलेल्या प्रश्नांतले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. छपाई, वितरण, जाहिरात आणि संगणक या बाजू रोज हाताळणाऱ्यांनी मिळून उत्तरं दिली आहेत. हिशेबातले भाव समजायला सोपे जावेत म्हणून धरलेले आहेत. तिथे आपल्या छापखान्याचे भाव घालून पाहावेत.

प्रश्न : आमचं आठ पानी साप्ताहिक आहे. २२०० प्रती छापतो, साधारण १५०० खपतात. किंमत ५ रुपये. दर अंकाला पदरचे पैसे घालावे लागतात. छपाई बंद करून फक्त ऑनलाइन जावं का? (संपादक, लांजा तालुका)

छपाई बंद करू नका. पण आज छापता तशीही छापू नका.

एका अंकाचा खर्च मांडून बघू. मोठ्या आकाराच्या चार पानांचा एक ताव साधारण ६९ बाय ५४.६ सेंटिमीटरचा असतो. ४५ जीएसएमच्या (चौरस मीटरला ४५ ग्रॅम भरणाऱ्या) न्यूजप्रिंटवर, म्हणजे वृत्तपत्राच्या कागदावर, त्याचं वजन १७ ग्रॅम भरतं, म्हणजे आठ पानी अंक ३४ ग्रॅमचा. रंग जुळेपर्यंत आणि शाई बसेपर्यंत वेब मशीनवर, म्हणजे रिळाच्या कागदावर छापणाऱ्या यंत्रावर, दोनअडीचशे प्रती वाया जातातच. तुम्ही ५०० छापा की ५०००, हा आकडा फारसा हलत नाही. २२०० अधिक २५० प्रतींना ८३ किलो कागद लागतो. किलोला ६५ रुपये धरले तर ५४०० रुपये झाले.

आता प्लेटा, म्हणजे ज्यांच्यावरून पान छापलं जातं ते पत्रे. रंगीत पानाला चार, काळ्या पानाला एक. चार पानं रंगीत असतील तर १६ आणि ४ मिळून २० प्लेटा. प्लेटेला २५० रुपये धरले तर ५००० रुपये. म्हणजे एवढ्या कमी खपाला प्लेटांचा खर्च कागदाच्या बरोबरीला येतो. बहुतेक छोटे संपादक कागदाच्या भावाला दोष देतात आणि प्लेटांचं बिल न बघता सही करतात.

विक्रीतून काय येतं? ३० टक्के कमिशन गेल्यावर प्रतीमागे साडेतीन रुपये. १५०० प्रतींचे ५२५०. कागद आणि प्लेटांनाच १०,४०० लागतात. छपाईची मजुरी, गाडीभाडं आणि पगार अजून धरलेच नाहीत. हा खड्डा जाहिरातीनं दर आठवड्याला भरेल ही आशा सोडा.

पुढचं याच क्रमानं करा. रंग पहिल्या आणि आठव्या पानापुरताच ठेवा. ही दोन्ही पानं तावाच्या एकाच बाजूला छापली जातात, त्यामुळे एकच बाजू चार रंगांत फिरते. पहिलं आणि तिसरं पान रंगीत मागितलंत तर दोन ताव रंगात जातात आणि छापखाना तेवढे पैसे लावतो. प्लेटा २० वरून १४ वर येतील, ३५०० रुपये. मग परतीचे अंक कमी करा. विक्रेत्यागणिक मागच्या आठ अंकांची खरी विक्री लिहून काढा आणि तिच्यावर दहा टक्के जादा एवढंच पाठवा. शेवटी किंमत १० रुपये करा. त्यामुळे ३०० वाचक गळाले आणि १२०० उरले, तरी कमिशन जाऊन ८४०० रुपये हातात येतात. १३५० प्रतींचा कागद आणि १४ प्लेटा मिळून खर्च सात हजारांच्या आसपास. कागद आणि प्लेटांचा खर्च वाचकाच्या पैशातून निघाला की जाहिरातीचे पैसे माणसांवर, म्हणजे बातमीवर खर्च करता येतात.

पानं चारच्या पटीतच वाढवा-घटवा. सहा पानं काढायला गेलात तर सुटं पान घालावं लागतं आणि त्याची मजुरी वेगळी. आषाढात बाजार थंड असतो, तेव्हा चार पानी अंक काढायला लाजू नका. गणपती, दिवाळी, शिमगा आणि मे महिन्यात बारा पानं काढा. पावसाळ्यातली एक खबरदारी छापखान्याला बजावून सांगा : रीळ मशीनवर चढेपर्यंत त्याचं वेष्टन काढायचं नाही. दमट हवेत रिळाच्या कडा पाणी ओढतात, कागद लहरतो, मशीनवर तुटतो, आणि प्रत्येक तुटीला पुन्हा शेदीडशे प्रती वाया जातात.

छपाई का सोडू नये, याची कारणं रोकडीची आहेत. वकिलांच्या जाहीर नोटिसा छापील अंकाला मिळतात. जिल्हा माहिती कार्यालयामार्फत येणाऱ्या सरकारी जाहिरातींची यादी आणि टपालाची सवलत, दोन्ही नियमित छापल्या जाणाऱ्या अंकालाच. १ मार्च २०२४ पासून १८६७च्या जुन्या कायद्याच्या जागी प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा, २०२३ लागू आहे. नोंदणी आणि वार्षिक विवरण आता प्रेस सेवा पोर्टलवर भरायचं असतं. ते वेळेवर भरा. अंकांत खंड पडला की या सगळ्याच दोऱ्या सैल होतात आणि पुन्हा बांधायला वर्षं जातात.

प्रश्न : माझं मूळ गाव राजापूर तालुक्यात, राहतो डोंबिवलीला. टपालानं अंक आठवड्यानं येतो, कधी येतच नाही. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र त्याच दिवशी पीडीएफ येते. ती वाचणं चूक आहे का? आम्ही मुंबईकर या पेपरासाठी काय करू शकतो? (वाचक, डोंबिवली)

चूक वाचणाऱ्याची कमी आणि पीडीएफ फुकट सोडणाऱ्या कार्यालयाची जास्त. अनेक संपादक स्वतःच सकाळी सात वाजता अख्खा अंक ग्रुपवर टाकतात आणि दहा वाजता विक्रेत्यानं अंक का परत पाठवला म्हणून विचारतात.

तुम्ही तीन गोष्टी करू शकता. पहिली : मंडळाच्या सभेत एकत्र वर्गणीचा ठराव मांडा. चाळीस घरांची वर्गणी एका यूपीआय व्यवहारात आणि नाव, गाव, वाडी, फोन अशी यादी सोबत. अशी यादी छोट्या पेपराला पूर्ण पानाच्या जाहिरातीहून मोलाची, कारण ती दर वर्षी पुन्हा पैसे देते. दुसरी : छापील अंकांचा महिन्याचा गठ्ठा मागवा, गावाहून येणाऱ्या माणसाच्या हाती किंवा कुरिअरनं, आणि रोजचं वाचन फोनवर करा. तिसरी, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची : पेपराच्या कार्यालयाकडे गाववार नोटीस-सूचना मागा.

ही तिसरी गोष्ट संपादकांनीही नीट वाचावी. कोकणात जमीन सामाईक, हिस्से बारीक, आणि निम्मे वारस मुंबई-ठाण्यात. जमिनीचा व्यवहार ठरला की वकील स्थानिक पेपरात जाहीर नोटीस देतात : अमुक मौजे, अमुक गट नंबर, कुणाचा हक्क असल्यास १४ दिवसांत पुराव्यासह कळवा. विरारला राहणाऱ्या वारसाला ती दिसत नाही आणि मुदत निघून जाते. छापलेली प्रत्येक नोटीस एका तक्त्यात भरायला पाच मिनिटं लागतात. तारीख, तालुका, मौजे, गट किंवा सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, हरकतीची मुदत, वकिलाचं नाव, पान क्रमांक, एवढे रकाने. वर्गणीदारानं आपलं गाव नोंदवलं की त्या गावाची नोटीस ज्या दिवशी छापली त्याच दिवशी त्याला संदेश गेला पाहिजे. यासाठी माणूस वर्षाला पाचशे रुपये आनंदानं देईल. मात्र प्रत्येक संदेशाखाली ठळक लिहा की ही फक्त आमच्या अंकात छापलेल्या नोटिशींची माहिती आहे, मालकीहक्काची तपासणी नव्हे. आणि गट नंबर दोनदा ताडून पाहा. १२४च्या जागी १४२ गेलं तर एका घरात विनाकारण घबराट आणि दुसरं घर गाफील.

पीडीएफ द्यायचीच असेल तर वर्गणीदाराचं नाव आणि फोनचे शेवटचे चार आकडे प्रत्येक पानाच्या तळाशी छापून द्या. हे काम साधी आज्ञावली आपोआप करते. पुढे ढकलणं त्यानं पूर्ण थांबत नाही, पण स्वतःचं नाव असलेली प्रत अनोळखी ग्रुपवर टाकताना माणूस थबकतो.

प्रश्न : मी पेपरात पानं लावतो. आमचा सगळा मजकूर श्रीलिपी फॉन्टांत आणि पानं लावायच्या पेजमेकरमध्ये आहे. वेबसाइटवर टाकला की भलतीच अक्षरं येतात. सगळं पुन्हा टाइप करायचं का? (ऑपरेटर, सावंतवाडी)

पुन्हा टाइप करू नका. जुने मराठी फॉन्ट देवनागरी अक्षराचं चित्र इंग्रजी अक्षराच्या घरात ठेवतात. तो फॉन्ट नसलेल्या फोनला खालचं इंग्रजी अक्षरच दिसतं. म्हणून तुमच्या जुन्या पीडीएफमध्येही गावाचं नाव शोधून सापडत नाही. मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, न्यावा लागतो. पण त्याच कंपनीच्या वेगवेगळ्या फॉन्टमालांची घरं वेगळी असतात, त्यामुळे फाइलमध्ये नेमका कोणता फॉन्ट आहे हे आधी बघा. मथळ्याचा एक आणि मजकुराचा दुसरा असेल तर दोन्ही वेगवेगळे बदला.

कन्व्हर्टर ठरावीक जागी चुकतो. जुन्या पद्धतीत ह्रस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार नंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. म्हणून ‘आर्थिक’ आणि ‘वार्षिक’ हे शब्द पहिली परीक्षा. मग ‘मिऱ्या’, ‘गुऱ्हाळ’, ‘ॲडव्होकेट’, ‘पद्धत’, ‘विद्यार्थी’ आणि अवतरणचिन्हं तपासा. ‘मिऱ्या’मधला ऱ्य दोन प्रकारांनी साठवला जातो : काही ठिकाणी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असतं, काही ठिकाणी साध्या ‘र’ला हलन्त आणि न दिसणारा जोडक लावलेला असतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना निम्म्या बातम्या हाती लागत नाहीत. सगळीकडे पहिला प्रकार करून घ्या. शोधा-बदला आज्ञेनं अख्ख्या फाइलीचं काम मिनिटात होतं.

नवीन अंक मात्र युनिकोडमध्येच लावायला शिका. पेजमेकरला युनिकोड देवनागरी जमत नाही. पानं लावायच्या इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडलात तरच वेलांट्या आणि जोडाक्षरं जागेवर बसतात. भाषा ‘मराठी’ ठेवा, नाहीतर काही फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मुक्त किंवा तिरो देवनागरी मराठी यांसारखे फुकट फॉन्ट उपलब्ध आहेत. अरुंद स्तंभात ते कसे दिसतात हे आधी एका पानाची छापील प्रत काढून बघा. हाताला टाइपरायटरच्या मांडणीची सवय असेल तर रेमिंग्टन मांडणी युनिकोडलाही मिळते, बोटांना नवं वळण लावावं लागत नाही. पहिले तीन-चार अंक उशीर होईल, तो धरून चाला. त्यानंतर तोच मजकूर छपाईला, वेबसाइटला आणि फोनला जातो आणि दुसऱ्यांदा टाइप करण्याचा पगार वाचतो.

प्रश्न : आमच्या पेपराच्या वेबसाइटला महिन्याला लाखभर व्ह्यूज येतात. तरी गूगलच्या जाहिरातींतून हातात काहीच पडत नाही. काय चुकतंय? (वार्ताहर, दापोली)

धंद्याचा हिशेब चुकतोय. समजा हजार व्ह्यूजना ४० रुपये मिळाले, तर लाखाला ४०००. त्यात एका वार्ताहराचं पेट्रोल निघत नाही. शिवाय शंभर डॉलर जमल्याशिवाय पैसे खात्यात येत नाहीत. लाखाचे दोन लाख करायला तुम्ही कुठल्यातरी शहरातल्या अपघाताचा व्हिडिओ टाकणार, आणि दापोलीतल्या सुपारीवाल्याला त्यात रस नाही.

व्ह्यूज सोडून ओळखीचे वाचक मोजा. व्हॉट्सॲप चॅनल उपयोगी आहे, पण फॉलोअरचे नंबर तुम्हाला दिसत नाहीत. एकाच वेळी अनेकांना धाडलेला ब्रॉडकास्ट संदेश त्यालाच पोचतो ज्यानं तुमचा नंबर फोनमध्ये सेव्ह केला आहे. म्हणून चॅनलवर मथळा आणि दोन ओळी द्या, पूर्ण बातमी वर्गणीदाराला, आणि वर्गणीदाराचं नाव-गाव-फोन तुमच्या स्वतःच्या वहीत. नंबर घेताना कशासाठी घेतोय ते सांगा आणि परवानगीची नोंद ठेवा.

रोज लोकांना लागणारी एक गोष्ट चुकता द्यायची नाही. हर्णै बंदरातल्या लिलावाचे सुरमई-पापलेटचे भाव, भरती-ओहोटीच्या वेळा, एप्रिल-मेमध्ये वाशी बाजारातले हापूसचे पेटीचे दर, एसटीच्या बदललेल्या फेऱ्या. दक्षिणेकडे असाल तर जत्रांच्या दिवसांत कुठल्या गावात कुठल्या दशावतारी मंडळाचा प्रयोग. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, तेव्हा लिलावाच्या जागी पाऊस, दरडी, घाटरस्ते आणि रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक. अशा रोजच्या माहितीच्या पट्टीला जाळीवाला, बर्फाचा कारखाना, खतवाला असा एकच प्रायोजक महिन्याला ३००० रुपयांनी मिळाला तरी लाखभर व्ह्यूजच्या कमाईच्या जवळ जातो. भाव ज्या वेळी घेतला ती वेळ आणि बंदर लिहाच. सकाळचा भाव संध्याकाळी खोटा ठरतो आणि एकदा फसलेला मच्छीविक्रेता परत येत नाही.

बिलात एक चूक सर्रास दिसते. छापील जागेच्या जाहिरातीवर जीएसटी ५ टक्के, डिजिटल जाहिरातीवर १८ टक्के. दोन्ही एकत्र विकलंत तर बिलात दोन वेगळ्या ओळी लिहा. आणि वेबसाइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव व संपर्क ठळक द्या. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार डिजिटल बातमी देणाऱ्याला तो नेमावा लागतो आणि तक्रारीला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

फोटो बाराशे पिक्सेल रुंदीचा, दीडशे केबीच्या आत. खाडीपलीकडच्या वाडीत एकच कांडी नेटवर्क असतं.

प्रश्न : एसटी स्टँडवर माझा पेपरचा स्टॉल आहे. तरुण मुलं थांबतच नाहीत. मी किती दिवस धरून बसू? (विक्रेता, कणकवली)

सुटी विक्री कमी होतच राहील, हे खरं आहे. पण गावात कोण काय वाचतं हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. संपादकाला सांगा की मला वर्गणीचं पुस्तक द्या. नव्या वर्गणीवर २० टक्के आणि पुढच्या वर्षी तोच माणूस टिकला तर १५ टक्के, असा लेखी करार मागा. टिकण्यावर पैसे मिळाले तरच घरी वेळेवर अंक टाकण्यात तुमचाही फायदा. स्टॉलवर क्यूआर कोड लावा, वर्गणी थेट पेपराच्या खात्यात जाऊ दे आणि कमिशन महिन्याच्या ठरल्या तारखेला मागा. उधारीवरून विक्रेता आणि कार्यालय यांच्यात जी भांडणं होतात त्यातली बरीचशी यानं मिटतात. गणपतीच्या चार दिवस आधी ते विसर्जनापर्यंत स्टॉलवर जास्तीत जास्त वेळ बसा. चाकरमानी तेव्हाच गावी असतो, आणि त्याच दिवसांत वर्गणी मागायची असते.

प्रश्न : आमच्या साप्ताहिकाचे १९६०पासूनचे बांधीव अंक आहेत. काहींना कसर लागली आहे, पुराचीही भीती. ते स्कॅन करून काही उत्पन्न होऊ शकेल का? (व्यवस्थापक, चिपळूण)

होऊ शकेल, पण आधी ते खालच्या मजल्यावरून हलवा. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत कुठवर चढलं होतं ते तुमच्या गावाला ठाऊक आहे. वरच्या मजल्यावर, बाहेरच्या भिंतीपासून वीतभर लांब, फळीवर आडवे ठेवा. उभे ठेवलेले मोठे बांधीव अंक स्वतःच्या वजनानं शिवणीतून फाटतात. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. डिंक पिवळा पडून अक्षरं खातो.

स्कॅनिंग डिसेंबर ते फेब्रुवारीत उरका, तेव्हा हवा कोरडी असते. मोठं पान साध्या स्कॅनरवर मावत नाही आणि बांधणी उसवणं धोक्याचं. कॅमेरा स्टँडवर उलटा लावा, दोन दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत, पानावर स्वच्छ काच. ३३ बाय ५२ सेंटिमीटरच्या पानाला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) हवं असेल तर साधारण ३९०० बाय ६१४० पिक्सेल लागतात, म्हणजे २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा जेमतेम पुरतो. बारीक टाइप असलेली पानं अर्धी-अर्धी टिपा. फाइलीचं नाव वर्ष-महिना-दिवस-पान असंच द्या, म्हणजे ती आपोआप क्रमानं लागतात. मूळ चित्रं टिफ या फाइलप्रकारात आणि वाचायची प्रत पीडीएफमध्ये ठेवा. सगळ्याच्या तीन प्रती करा, त्यातली एक चिपळूणबाहेर, पुण्यात किंवा मुंबईत.

टेसरॅक्ट हे फुकट साधन मराठी मजकूर ओळखतं, पण खिळ्यांच्या छपाईतली झिजलेली अक्षरं त्याला नीट लागत नाहीत. त्यामुळे पहिल्या वर्षी पूर्ण मजकुराच्या मागे न लागता तारीख, पान, गाव, मथळा आणि जाहीर नोटीस असल्यास गट नंबर एवढीच सूची हातानं करा. उत्पन्न त्या सूचीतूनच येतं. वकिलांना जुन्या नोटिशीची तारखेसह प्रत हवी असते. शाळा, सोसायट्या आणि देवस्थानं शतक-सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका काढतात. घरच्या लग्नाचं किंवा आजोबांच्या निधनाचं जुनं पान लोक फ्रेम करायला मागतात. दर आधी ठरवून अंकात छापा : शोधण्याचे वेगळे, प्रतीचे वेगळे, कारण शोधूनही न सापडल्यास माणसाचा वेळ गेलेलाच असतो. नोटिशीच्या प्रतीवर अंकाची तारीख, अंक क्रमांक, पान क्रमांक आणि कार्यालयाचा शिक्का हवा.

कथा, कविता आणि बाहेरच्या लेखकांचे लेख विकण्याआधी थांबा. लेखकाच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षं हक्क त्याचा किंवा वारसांचा असतो. कार्यालयाच्या नोकरीतल्या वार्ताहरांच्या बातम्यांना सहसा ही अडचण येत नाही. म्हणून सूचीत ‘लेखक बाहेरचा’ असा एक रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा. नंतर हजारो पानं पुन्हा उलटावी लागत नाहीत.